परत आलेलं ताट

देवधर सरांचं वजन दीड वर्षात सतरा किलोंनी उतरलं, तेव्हा त्यांच्या मुलानं ती आनंदाची बातमी म्हणून गल्लीच्या ग्रुपवर टाकली. सोबत रक्ततपासणीचा कागद होता. साखर आटोक्यात, कोलेस्टेरॉल आटोक्यात, युरिक ॲसिड आटोक्यात. लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली. एकानं लिहिलं, ‘सरांची शिस्तच वेगळी.’ सर तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. खुर्चीतून उठायला त्यांना दोन्ही हात टेकावे लागत, आणि उठल्यावर ते थोडा वेळ भिंतीला धरून उभे राहत. ते कागदावर नव्हतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी त्याच मुलानं, महेशनं, कर्जतच्या बाजूला एका वृद्धाश्रमात सरांसाठी खोली ठरवली. बाबांना आता काही समजत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. सरांना स्वतःच्या घरातून कुठंही जायचं नव्हतं. त्यांना जेवढं समजत होतं तेवढ्यात ते हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत. वडील आणि मुलगा यांच्या मध्ये एक स्वयंपाकीण उभी राहिली. हे तिच्याबद्दल.

नाव अनसूया घरत. नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरमध्ये त्यांना सगळे घरतमावशी म्हणत. माहेर आपट्याचं, सासर करंजाड्याचं. सासरची भातशेती होती तिथं आता सात मजली इमारती आहेत, आणि त्यांतल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावर त्या राहत. शिक्षण चौथी. एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. सुरुवातीला भांडी, मग चपात्या, आणि शेवटची बारा वर्षं वॉर्डांत जाणाऱ्या ताटांची वाटणी. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या भागात तीन घरी स्वयंपाक करत. तिन्ही घरांत एकटं राहणारं म्हातारं माणूस. तरुण बिऱ्हाडांची कामं त्या घेत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, ‘तुमी मागवा की बाहेरून. तुमच्या दाताखाली दगड पन मोडतील.’

रुग्णालयातून त्यांनी एक सवय आणली होती. तिथं ताटं पाच प्रकारची जात: साधं, मऊ, साखरेच्या रुग्णाचं, बिनमिठाचं आणि नळीतून द्यायचं. काय गेलं याची नोंद कार्यालयात होई. काय परत आलं याची नोंद कुठंच होत नसे. मावशींनी ती स्वतःपुरती सुरू केली. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खाटेचा नंबर आणि त्यापुढे एक गोल. सगळं खाल्लं तर गोल पूर्ण भरायचा, अर्धं खाल्लं तर अर्धा, शिवलंच नसेल तर रिकामा ठेवायचा. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी वाचतही नव्हतं.

पुरुषांच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याचा गोल एकदा सलग चार दिवस रिकामा राहिला. वॉर्डातल्या कागदावर ‘रुग्णाने जेवण नाकारले’ असं लिहिलेलं होतं. पाचव्या दिवशी मावशी ताटामागोमाग स्वतः वर गेल्या. त्या माणसाची उजवी बाजू लुळी पडली होती. ताट रोज ठेवलं जात होतं उजवीकडच्या स्टुलावर. तो डाव्या हातानं चादर ओढत होता, आणि त्यालाच सगळे चिडचिड म्हणत होते. मावशींनी स्टूल उचलून डावीकडे ठेवलं. त्यानं पेज संपवली आणि वाडगा पुढे केला.

तिथून त्या पदराला हात पुसत थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. ‘साहेब, नाकारलं असं कोनी लिवलं? त्याला विचारलेलं का?’ उत्तरादाखल त्यांना मेमो मिळाला, स्वयंपाकघर सोडून वॉर्डात फिरल्याबद्दल. तो त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. मला दाखवताना म्हणाल्या, ‘एकतीस वर्षांत साहेबाच्या सहीचा येवढाच कागद भेटला.’ मी वर्तमानपत्रात काम केलेलं असल्यामुळे त्या मला पेपरवाले म्हणत. ‘छापा की पेपरवाले,’ असंही म्हणाल्या. मी तेव्हा छापलं नाही.

म्हाताऱ्या माणसाच्या घरात शिरल्यावर त्या आधी तब्येत विचारत नसत. औषधांचा डबाही बघत नसत. आदल्या रात्रीची खरकटी भांडी बघत. मग माणसाचा दंड स्वतःच्या अंगठ्याच्या आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरत. बोटं एकमेकांना टेकली की तोंड वाकडं करत. लेंगा किती आवळलाय तेही बघत. ‘डॉक्टर मनगटाची नाडी बघतात, मी लेंग्याची,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते बोलून त्या हसत नसत.

त्यांच्या नवऱ्याला रक्तदाब होता. तो जेवणात रोज सुकट नाहीतर सुके बोंबील मागायचा, गोळी मात्र डोकं दुखेल त्याच दिवशी घ्यायचा. पक्षाघातानं गेला. आपल्या माणसांचं त्या झाकून ठेवत नसत. ‘आमच्याकडले खारं खाऊन मरतात, तुमच्याकडले अळनी खाऊन,’ असं त्या माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या. ‘दोगांच्या पन घरात विचारनारा कोन नाय.’ स्वतःची रक्तदाबाची गोळी त्या रोज सकाळी सातला घेत. सुकट त्यांनी नवरा गेल्यापासून घरात आणली नव्हती.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला एक व्याख्यान असतं. एकदा एक व्याख्याते पडद्यावर चित्रं दाखवत वार्धक्यातल्या आहारावर बोलले. ओट्स, कसल्या कसल्या बिया, ऑलिव्हचं तेल. शेवटी त्यांनी सांगितलं की आरोग्याचं सगळ्यात सोपं सूत्र म्हणजे संध्याकाळी सातनंतर तोंडात काही घालायचं नाही. सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. त्यात नवल नव्हतं. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक एरवीही संध्याकाळी चहात दोन खारी बुडवून त्यालाच जेवण म्हणत होते. स्वयंपाकाचा कंटाळा, एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा, आणि सुनेला सांगायचा संकोच. त्या सगळ्याला आज शास्त्राचा आधार मिळाला होता.

मावशी एका आजींना सोबत म्हणून आल्या होत्या आणि दाराशी उभ्या होत्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर त्यांनी हात वर केला.

‘सातला बंद, मग सकाळी खायाचं कदी?’

‘सकाळी फिरून आल्यावर. नऊच्या सुमारास,’ व्याख्याते म्हणाले.

‘म्हंजे चौदा तास. आनि साखरेची गोळी?’

‘ती नेहमीच्या वेळेला घ्यायची.’

‘पोटात काय नाय आनि गोळी हाय. मग पहाटे घाम फुटून मानूस पडला, तर तुमाला फोन लावायचा का?’

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी वेळेअभावी आभारप्रदर्शन सुरू केलं. व्याख्यात्यांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. ज्यांना साखरेची गोळी सुरू होती, अशा सभागृहातल्या एकाही माणसानं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मीही विचारला नाही.

देवधर सर गणिताचे शिक्षक. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं. आमच्यापासून चौथं घर त्यांचं, तळमजल्यावरचं. बायको गेल्यावर महेशनं वडिलांची जबाबदारी पुण्याहून घेतली. तो हुशार आहे, आणि वडिलांवर त्याची माया आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना त्याबद्दल शंका येईल. सरांना चार डॉक्टर होते. साखरेच्या डॉक्टरांनी भात, बटाटा, केळं आणि आंबा बंद केला. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं. पायाचा अंगठा सुजला म्हणून दाखवलं त्या डॉक्टरांनी डाळी आणि कडधान्यं बंद केली. कोलेस्टेरॉल वाढल्यावर चौथ्यांनी तूप, तेल, खोबरं आणि शेंगदाणे बंद केले. महेशनं चारही याद्या एकत्र करून संगणकावर एक सुबक तक्ता बनवला आणि तो रंगीत छापून फ्रिजवर लावला. जे चालतं त्याचा रकाना हिरवा होता. त्यात दुधी, पडवळ, कोबी, बिनमिठाची ज्वारीची भाकरी आणि साय काढलेलं ताक एवढंच उरलं होतं.

चारही डॉक्टरांसमोर दर वेळी एकच फाइल ठेवली जात होती. प्रत्येकानं आपापलं पान उघडलं.

वजनाची बातमी ग्रुपवर आली तेव्हा मावशींना त्या घरी लागून तीन आठवडे झाले होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात महेशला फोन केला होता. ‘महेशदादा, सरांचं ताट अर्धं परत येतंय.’ महेश म्हणाला, ‘मावशी, थोडं कमीच जाऊ दे. या वयात लाइट खाल्लेलं चांगलं. तुम्ही फक्त लिस्ट फॉलो करा.’ दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पुन्हा फोन केला. ‘भाकरी चावत नाय त्यांना. ताकात कुस्करून देते, तरी ऱ्हाते.’ महेशनं मिक्सरमधून काढायला सांगितलं.

मावशींनी तक्ता पाळला. एरवी त्या कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या, पण बिनमिठाचं लिहिलेल्या ताटात मीठ घालायचं नाही, ही एकतीस वर्षांची शिस्त होती. डॉक्टरांनी लिहिलेलं स्वयंपाकघरानं मोडायचं नसतं. हा हिशेब रुग्णालयात बरोबर होता, सरांच्या घरात चुकीचा ठरला. त्याचं कारण त्यांनीच मला पुढे सांगितलं. ‘तिथं रोज सकाळी डॉक्टरांचा राऊंड यायचा. आज बिनमिठाचं, परवा साधं. कागद बदलायचा. इथं कागद फ्रिजवर चिकटला तो चिकटलाच. राऊंडच नाय आला. मी पन येडी, तीन म्हयने अळनी वाढत बसले.’

त्या तीन महिन्यांत सर बदलले. आधी चाल गेली. मग शब्द गेले. मला ते माझ्या मोठ्या भावाच्या नावानं हाक मारू लागले, आणि माझा भाऊ पनवेलला कधी राहिलेलाच नाही. एका दुपारी ते फाटकाशी उभे राहून शाळेची घंटा का झाली नाही, असं विचारत होते. महेश दोनदा आला, दोन्ही वेळा अर्धा दिवस थांबला, आणि त्यानं जे पाहिलं त्याला एक नाव दिलं. स्मृतिभ्रंश. घरी एकटं ठेवणं धोक्याचं, हे त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. त्यानं आश्रम पाहिला, खोली पाहिली. शनिवारी सकाळी गाडी येणार असं ठरलं. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मी इथंच बसतो.’ आणि खरोखरच दारातल्या खुर्चीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

बुधवारी सकाळी ते न्हाणीघरात पडले. मावशींनी मला हाक मारली. हाड मोडलेलं नव्हतं. सरांना पलंगावर निजवून आम्ही बाहेर आलो तेव्हा मावशींनी गोळ्यांची एक पट्टी माझ्यासमोर धरली.

‘ही कसली, वाचा.’

नाव वाचून मला काही कळलं नाही. मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला फोन केला. रक्तदाबाची, तो म्हणाला, लघवी वाढवणारी.

मावशी खाली बसल्या. मी त्यांना कुणाच्या घरात जमिनीवर असं बसलेलं त्या एकाच वेळी पाहिलं. ‘लगवीच्या गोळीवाल्यांचं डोकं फिरायचं ना, तवा वॉर्डातनं चिठ्ठी यायची. मीठ सुरू करा. किती वेळा आलेली. माझ्याच हातात यायची.’ मग उठल्या. ‘रिक्षा बोलवा. रक्त बघायला लावू.’

रिक्षात बसताना महेशचा फोन आला. शेजारच्यांनी त्याला कळवलं होतं. ‘काका, प्लीज काही टेस्ट वगैरे करू नका. या वयात उगाच टोचाटोची. शनिवारी तिथले डॉक्टर बघतीलच.’ मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला.

‘महेशदादा, तुमी कागद बघताव, बापाला नाय बघत.’

‘मावशी, तुम्ही यात पडू नका. तुम्हाला मेडिकलमधलं काय कळतं?’

‘काय नाय कलत. म्हनून तर डॉक्टरकडं चाललोय,’ म्हणून त्यांनी फोन बंद केला.

रुग्णालयात जी डॉक्टर होती ती जेमतेम पंचविशीची असेल. तिनं रक्त घेतलं. दोन तासांनी कागद आला, आणि ती तो हातात घेऊन स्वतः चालत आमच्यापर्यंत आली. रक्तातलं सोडियम एकशे सोळा होतं. एकशे पस्तीसच्या वर असायला हवं, असं तिनं सांगितलं.

‘यांचं मीठ कुणी बंद केलं?’

‘चौघांनी मिलून,’ मावशी म्हणाल्या. ‘आनि वाढलं मी.’

तिनं ती गोळी थांबवली, सलाइन अगदी हळू लावलं, दर काही तासांनी रक्त तपासलं. हे घाईनं भरून काढता येत नाही, घाई केली तर मेंदूला इजा होते, हेही तिनं समजावून सांगितलं. शुक्रवारी दुपारी मी गेलो तेव्हा सर उशीला टेकून बसले होते. नर्स सांगत होती की बाटली सहापर्यंत चालेल. सर थेंबांकडे पाहत होते.

‘या वेगानं ती साडेचारला संपेल,’ ते म्हणाले. ‘तुम्ही भागाकार चुकलात.’ मग माझ्याकडे वळले आणि मला माझ्या नावानं हाक मारली. ‘आजचा पेपर आणला नाहीत?’

बाटली साडेचारला काही मिनिटं असताना संपली.

शनिवारी आश्रमाची गाडी आली नाही, महेश आला. वडिलांनी त्याला पुण्यातल्या रस्त्याचं काम कुठवर आलं हे विचारलं. तो बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. ‘मी मनानं काही केलं नव्हतं, काका. डॉक्टरांनी लिहिलेलंच एकत्र केलं होतं.’ ते खरं होतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त संताप कशाचा येत असेल, तर या वाक्यात खोटं काहीच नव्हतं याचा. चार डॉक्टर आणि महेश, पाचही माणसांनी आपापलं काम चोख केलं होतं. त्यांतल्या एकानंही म्हातारा काय जेवतो हे विचारलं नव्हतं.

त्या तरुण डॉक्टरनं घरी सोडताना पाच मिनिटं बसून एक साधा कागद लिहिला. मीठ इतरांसारखं, वरून घ्यायचं नाही. डाळ किंवा कडधान्य दोन्ही वेळा. भात एक वाटी. तूप एक चमचा. चालत असेल तर अंडं. रात्री उपाशी झोपायचं नाही. गोळ्या कमी करून दोनच ठेवल्या. एक्याऐंशीव्या वर्षी साखर तरुणासारखी नेमकी असण्याची गरज नाही, ती फार खाली जाणं जास्त धोक्याचं, असं तिनं महेशला दोनदा सांगितलं. वजन वाढलं पाहिजे. दर महिन्याला दाखवा, कागद बदलू.

‘राऊंड,’ मावशी हळूच म्हणाल्या.

सर घरी आले ते घरीच राहिले. महेशनं आश्रमाचा विषय पुन्हा काढला नाही. पण तक्ता त्याच्यानं सोडवला नाही. त्यानं नवा छापला. मिठाचा रकाना बदलला, बाकी बरंचसं जुनंच ठेवलं, कारण भात आणि तूप कुठल्याही डॉक्टरनं लिहिलेलं असलं तरी त्याच्या मनाला पटत नव्हतं. रोज दुपारी साडेबाराला तो व्हिडिओ कॉल करी आणि एकच प्रश्न विचारी. ‘मावशी, आज काय केलंय?’ मावशी दुधीची भाजी कॅमेऱ्यासमोर धरत. दुधी केलेली असे. त्याच ओट्यावर वालाचं बिरडं, मऊ भात आणि तांदळाची भाकरीही केलेली असे. दुधी बहुतेक मावशी स्वतः खात.

मी एकदा म्हणालो, हे फसवणं झालं. त्या चिडल्या. ‘मी कदी खोटं बोलले? काय केलंय विचारतात, केलंय ते दाखवते. काय खाल्लं ते विचारू दे, सांगते की. अडीच म्हयने झाले, वाट बघतेय.’

अंड्याचा प्रश्न दोन दिवस चालला. सर म्हणाले, ‘घरतबाई, या घरात अंडं आलेलं नाही.’

‘मी कुठं आनलं? डॉक्टरीनबाईंनी लिवलंय. कागदावर हाय.’

‘कागदावर “चालत असेल तर” असं आहे.’

‘मग तुमीच ठरवा. गनित तुमचं.’

तिसऱ्या दिवशी सरांनी देवघराचं दार लोटून घेतलं आणि अंडं चमच्यानं खाल्लं. ‘अटीसह सिद्ध,’ म्हणाले. मावशींना त्याचा अर्थ कळला नाही. ताट स्वच्छ झालं होतं तेवढं कळलं.

दंड धरल्यावर मावशींची बोटं एकमेकांना टेकेनाशी व्हायला सहा महिने लागले. सर पुन्हा सकाळी तळ्यापर्यंत जाऊ लागले, काठी घेऊन, सावकाश. गल्लीतल्या दहावीच्या मुलींना फुकट गणित शिकवू लागले. त्यांची साखर थोडी वर असे. डॉक्टर ती पाही आणि कागदावर फक्त तारीख बदलत असे. बिरड्यात मीठ जास्त झालं अशी सरांची तक्रार एकदा मी फाटकातून ऐकली. ‘नाय झालं. मोजून घातलंय,’ आतून उत्तर आलं. ‘तुमच्या जिभेला आता कलतंय, येवढंच.’

सर दोन वर्षं आणि चार महिन्यांनी गेले. दुपारी जेवून आपल्या पलंगावर आडवे झाले ते उठले नाहीत. वय त्र्याऐंशी पूर्ण.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात शोकसभा झाली. पन्नासेक माणसं होती, बहुतेक सत्तरीच्या पुढची. मावशी मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. खुर्ची रिकामी होती, त्या बसल्या नाहीत. चार जण सरांच्या शिस्तीबद्दल बोलले. मग महेश उठला. तो नीट बोलला. म्हणाला, डॉक्टरांनी सुद्धा आशा सोडली होती, तेव्हा आम्ही आहारावर मेहनत घेतली आणि बाबांनी शेवटपर्यंत पथ्य काटेकोर पाळलं. तो तक्ता त्यानं आता सोप्या मराठीत केला होता. बाबांची आठवण म्हणून तो आज सगळ्यांच्या फोनवर पाठवणार होता, सर्व ज्येष्ठांना उपयोग व्हावा म्हणून. त्यानं फोनवर बोट टेकवलं. खिशांतून, पिशव्यांतून फोन वाजू लागले. म्हातारी माणसं चष्मे काढून, चष्मे घालून पडद्यावर वाकली.

‘नाय पाळलं,’ मागून आवाज आला.

सगळे वळले.

‘सरांनी पथ्य पाळलं नाय. तो कागद दोन वर्षं फ्रिजवर होता, सर भात खात होते. बिरडं खात होते. तूप खात होते. अंडं खात होते. डॉक्टरीनबाईंनी सांगितलेलं. पाळलं नाय म्हनून दोन वर्षं घरात ऱ्हायले.’

महेशच्या हातात फोन तसाच होता. तो म्हणाला, ‘मावशी, तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत.’

‘तुमी कदी विचारलं?’

अध्यक्ष उठले. ‘अहो मावशी, ही शोकसभा आहे.’

‘म्हनूनच बोलते,’ मावशी म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्यांचं नाव पुकारलं. पुढचे वक्ते सरांच्या सुंदर हस्ताक्षराबद्दल बोलू लागले.

मी बाहेर आलो तेव्हा मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहून चपलेचा अंगठा बसवत होत्या. माझ्या मागून काठीचा आवाज आला. पलीकडच्या गल्लीतले जोशीकाका, वय अठ्ठ्याहत्तर, साखर आणि रक्तदाब दोन्ही, धापा टाकत आले आणि त्यांनी आपला फोन मावशींच्या नाकासमोर धरला. पडद्यावर तक्ता होता, हिरव्या आणि लाल रकान्यांचा.

‘आलाय हो हा माझ्याकडं,’ ते म्हणाले. ‘सूनबाईलाही गेला असणार. आता काय करू?’

मावशींना फोनमधलं काही कळत नव्हतं. त्यांनी तो काकांच्या हातातून घेऊन माझ्या हातात दिला.

‘पुसा,’ म्हणाल्या, आणि काकांचा दंड धरून जिना उतरू लागल्या.